तीन भिंतींचं घर

लाल बाण मला आधी दिसला, घर नंतर.

सकाळी धानोऱ्याहून निघाले होते. गडचिरोलीला बस बदलली. मूल गाव मागं पडलं, खिडकीतून येणारा पाल्याचा वास सरला अन् कोळशाचा सुरू झाला, म्हणजे चंद्रपूर आलं, हे मला डोळे मिटूनही कळतं. जटपुरा गेटाहून ऑटो केला. गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाल्यानं मागं वळून विचारलं, यातलं कोणतं घर तुमचं, बाई? मी म्हटलं, कशाला पाहिजे तुम्हाला? तो बिचारा ऑटो कुठं थांबवायचा म्हणून विचारत होता. पण माझा स्वभावच तसा. साध्या प्रश्नालाही मी आधी उलटंपालटं करून पाहते.

बाण आमच्या चौकटीशेजारी होता. टोक घराच्या आत वळलेलं, खाली एक आकडा. गल्लीतल्या सातही घरांवर तसेच बाण. दारावरून जाणारा रस्ता रुंद व्हायचा आहे अन् तो किती आत येणार, ते या बाणांनी सांगून ठेवलं होतं. ओसरी, मधली खोली, मागची खोली, मग मागची भिंत, अन् भिंतीपलीकडची मोकळी जागा. सगळं रस्त्यात.

त्या मागच्या भिंतीसाठीच मी आले होते. आमच्या घराला भिंती तीनच. बाबांनी तीन बांधल्या, कारण चौथी गोंड राजांनी कधीची बांधून ठेवली होती. शहराभोवतीचा परकोट, म्हणजे जुना तट, आमच्या गल्लीच्या मागून जातो, अन् आमची सातही घरं त्याला पाठ लावून बसलेली आहेत. राजांनी शत्रूसाठी बांधला, कामी आमच्या आला.

वहिनी ओसरीत तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, अन् मी न विचारताच रस्त्याच्या मोजणीवाल्याचं कौतुक सुरू केलं. लय चांगला माणूस, चपला बाहेर काढून आत आला, चहा घेतला, बशीसुद्धा स्वतः उचलून ठेवली. हे ऐकलं अन् मी पाण्याचा पेला खाली ठेवला. कचेरीतला माणूस उगाच गोड वागत नाही. दादा कुठं आहे, विचारलं, तर म्हणाली, येतीलच. कुठं गेला, ते नाही सांगितलं. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. भरदिवसा ते दार आमच्या घरात कधीच कोणी लावत नव्हतं, कारण सगळा गारवा त्याच खोलीतून यायचा.

काय गारवा होता तो! चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं काढला, त्यालाच त्याची किंमत. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. कूलर त्या काळी आमच्याकडे कुठला. जेवणं झाली की आई मागच्या खोलीत सतरंजी टाकायची, अन् आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायचो. दगड आतून गार असायचा. कान लावला की काहीतरी घुमायचं. दादा सांगायचा, राजाची फौज चालून राह्यली. मला ते खरं वाटायचं, अन् मी पाय जवळ ओढून घ्यायची. आता वाटतं, परकोटाच्या गेटातून जाणारे कोळशाचे ट्रक असतील. पण त्या वयात ट्रकपेक्षा फौज जास्त जवळची वाटत होती.

त्या भिंतीत खिळा जायचा नाही. किती खिळे वाकवले बाबांनी! शेवटी लाकडाच्या डेपोतून, जिथं ते कामाला होते, सागाचे तुकडे आणले, तासले, अन् दोन दगडांच्या फटीत ठोकून खुंट्या केल्या. सातही घरांत अशाच खुंट्या होत्या. एका खुंटीवर बाबासाहेबांची तसबीर, एकीवर आमची दप्तरं, एकीवर बाबांचा सदरा. पावसाळ्यात दगड पाझरायचा, साग फुगायचा, अन् खोलीभर ओल्या लाकडाचा वास सुटायचा. अजून धानोऱ्याला एखाद्या लाकडाच्या ढिगावर सर पडली की मी उभी राहते. शाळेतल्या पोरांना वाटतं, बाईला काही आठवलं. आठवलेलंच असतं.

अन् चुना. तो तर सगळ्यात मोठा सोहळा. चौदा एप्रिलच्या आधीच्या रविवारी आमचं घर पांढरं व्हायचं. शेजारच्या हिंदू घरांचं दिवाळीला. मधल्या सामाईक पट्ट्याला वर्षातून दोनदा चुना मिळायचा, त्यावरून बायकांची दरवर्षी थट्टा चालायची की कोणाचा पांढरा जास्त पांढरा. आदल्या दिवशी बाबा पत्र्याच्या डब्यात चुनकळी भिजवायचे. पाणी पडलं की ती खदखदायला लागायची, फसफसायची, डबा गरम व्हायचा, अन् नाकात शिरणारा तो कोरडा, झोंबरा वास. आई आम्हाला लांब उभं करायची. मग त्यात धावड्याचा डिंक, धानोऱ्याकडून डेपोत येणाऱ्या कोणाकडून तरी मागून आणलेला, अन् वरून चिमूटभर नीळ. कुंचला पळसाच्या मुळीचा, बाबांनीच ठेचून केलेला. पहिला हात फिरला की भिंत ओली, राखाडी दिसायची, अन् जसजशी सुकायची तशी उजळायची. ते उजळणं बघायला आम्ही सतरंजीवर बसून राहायचो.

चुना अंगावर यायचाच. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या पाठी वर्षभर पांढऱ्या. शाळेत मागच्या बाकावरची मुलगी माझी पाठ झटकून द्यायची अन् म्हणायची, परकोटवाली. मला राग यायचा. आता कोणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण चुन्याचं कारण नुसता सण नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. बाबा घाबरायचे. आपण राजाच्या भिंतीला टेकून राहतो, कोण कधी येऊन उठ म्हणेल, ही धास्ती त्यांना जन्मभर होती. म्हणून ते थर देत गेले. एकाऐवजी दोन, दोनाऐवजी तीन. दगडांच्या फटी चुन्यानं बुजवल्या, वर माती लिंपली, वर पुन्हा चुना, की पाहणाऱ्याला वाटावं ही साधी घराची भिंत. कचेरीतला कोणी गल्लीत शिरला की बाबा हातातलं काम टाकून दारात यायचे अन् विचारायच्या आधी सांगायचे, भिंत आमचीच आहे, साहेब. सातही घरांनी हेच केलं. एकाचं पाहून दुसऱ्यानं. संशयी स्वभाव मला कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

त्या थरांखाली आमचा हत्ती गेला.

मागच्या खोलीत, तांदळाची कोठी ठेवतो त्या कोपऱ्यात, एका दगडावर तो कोरलेला होता. ताटाएवढा असेल. त्याच्या पाठीवर पंजा ठेवून कोणीतरी उभं. दादा म्हणायचा सिंह, मी म्हणायची मांजर, अन् यावरून आमची मारामारी व्हायची. सतरंजीवर बसलं की बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा तो. मी त्याच्या सोंडेत चिंचोके ठेवायची, सकाळी नसायचे, मग मी आईला सांगायची की हत्तीनं खाल्ले. बाबा चुन्याचा पहिला कुंचला त्याच्यावरच मारायचे, भिंत राजाची आहे हे तोच तर सगळ्यात आधी बोलून दाखवणारा होता. पहिल्या वर्षी डोळा गेला. मग सोंड. मग मांजर, म्हणजे सिंह. एका एप्रिलमध्ये पाठही गेली, नुसता फुगवटा राहिला. त्या दिवशी मी जेवले नव्हते, अन् बाबांनी मला रागावलंही नव्हतं.

आता या सगळ्याला भलतंच वळण लागलं होतं. परकोट जिथं उघडा आहे, तिथं नकाशात तो परकोट म्हणून दाखवलाय, अन् रस्ता तिथं अंग चोरून जातो. आमच्या सात घरांमागं मात्र लिहिलंय, खाजगी पक्कं बांधकाम. मोजणीवाल्यानं आत येऊन पाहिलं, त्याला चुना दिसला, माती दिसली, बायकांनी सवयीनं सांगितलं की भिंत आमचीच आहे, साहेब. त्यानं लिहून घेतलं. बाबांची युक्ती इतक्या वर्षांनी फळाला आली अन् तीच भिंतीच्या मुळावर उठली.

परकोटासाठी हरकती घेणारी शहरातली मंडळीही येऊन गेली होती. गळ्यात कॅमेरे, पायात चांगले बूट. त्यांच्यातले एक सर मला फोनवर म्हणाले, तुमच्या घरात कोरीव दगड आहे असं ऐकतो, तो दाखवता आला तर सात घरांमागची सगळी भिंत वाचेल. मी विचारलं, अन् घरं? ते म्हणाले, तो नंतरचा विषय आहे. नंतरचा! त्यांच्यावरही माझा विश्वास नाही. त्यांना परकोट पाहिजे, पण माणसं पुसून घेतलेला.

घरांचा विषय नंतरचा का, ते उघड होतं. भिंत खाजगी ठरली तर घर जाणार, पण मोबदला मिळणार, कुठं तरी दोन खोल्या होणार. भिंत परकोट ठरली तर रस्ता अडणार, भिंत राहणार, अन् तिला टेकलेलं घर अतिक्रमण म्हणून रिकाम्या हाती उठणार. सुनावणी चार दिवसांवर होती. दादानं फोनवर इतकंच म्हटलं होतं, ये एकदा.

तो ये म्हणाला, याचाच मला संशय आला होता. दादा गवंडी आहे. फोनवर तो नेहमी कामाचं सांगतो, कुठं स्लॅब पडला, कुठं मालक बेइमान निघाला. या वेळी एक अक्षर नाही. बसमध्ये मी सगळं जुळवून ठेवलं होतं: त्यानं मोजणीवाल्याला संमती लिहून दिली आहे, अन् आता बहीण म्हणून माझी सही पाहिजे.

तो आला तेव्हा दुपार झाली होती. हातात पिशवी. केसांत पांढरी भुकटी, भुवयांतही. मी विचारलं, काम चालू आहे का कुठं? म्हणाला, नाई, काम बंद आहे महिन्यापासून. मग डोक्यात चुना कुठला, हे मी विचारलं नाही. आम्ही जेवायला बसलो. वहिनीनं दोनदा भात वाढला, तोही नको असताना. ती माझ्याकडे बघायची, मग त्या बंद दाराकडे. मला वाटलं, खुंट्या काढल्या असतील, सामान बांधलं असेल, घर मनानं केव्हाच सोडलंय यांनी.

तो हात धुवायला गेला तशी मी उठले अन् दार ढकललं.

कोठी बाजूला सरकवलेली होती. कोपऱ्यातली भिंत जमिनीपासून खांद्यापर्यंत खरवडलेली. जमिनीवर चुन्याच्या खपल्यांचा ढीग, त्यात सगळी वर्षं. पांढरी, निळसर, मधेच एक पिवळी, दादाच्या लग्नाच्या वेळची. पिवळा रंग वहिनीच्या हट्टानं आला होता, अन् बाबा दोन दिवस रुसून बसले होते. त्याखाली फिकी निळी, ती आईच्या शेवटच्या वर्षाची. अन् सगळ्यांखाली दगड, ओला, काळा, उघडा. इतक्या वर्षांनी पाहिला मी तो. ढिगाशेजारी दादाची छिन्नी अन् हातोडी.

तो मागं येऊन उभा राहिला. मी वळले नाही. मला माझीच लाज वाटत होती.

"आठ दिवस झाले," तो म्हणाला. "रोज दुपारी खरवडून राह्यलो. आवाज गल्लीत गेला पाह्यजे नाई म्हणून दार लावून. घर तं जाणारच आहे, भिंत तरी राह्यली पाह्यजे. पण हत्ती सापडूनच नाई राह्यला, वं. तुले आठवते का कुठी होता तो?"

यासाठी बोलावलं होतं त्यानं मला. सहीसाठी नाही.

मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर होता. म्हणजे तेव्हाच्या डोळ्यांसमोर. मी वाकले, बसलेल्या सहा-सात वर्षांच्या पोरीएवढी. तिथंही त्यानं खरवडलं होतं. नुसता दगड. मग मला वाटलं, हत्ती नव्हताच की काय. पोरपणी माणूस काय काय पाहतो. चिंचोके खाणारा हत्ती म्हणे! ज्या माणसाचा कोणावर विश्वास नाही, त्यानं स्वतःच्या आठवणीवर तरी का ठेवावा? मी तशीच खाली बसले, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून. सवयीनंच.

अन् मान मागं टेकवली. वर बघितलं तर तसबिरीची खुंटी, जी आईला पाटावर चढून गाठावी लागायची, ती बसल्या जागेवरून हात उंच केला तर बोटं पुरतील इतकी खाली आलेली.

"दादा," मी म्हटलं, "जमीन वर आली आहे."

त्याला लगेच कळलं. गवंड्याला नाही कळणार तर कोणाला? रस्ता आत्ताच कुठं आमच्या अंगावर येत नव्हता. तो आधीपासूनच येत होता, फक्त उंचीनं. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर गिट्टी, त्यावर पुन्हा डांबर. रस्ता उंच झाला की पावसाचं पाणी घरात, मग आम्ही मुरूम टाकून जमीन उचलायची. शेणाची जमीन गेली, तिच्यावर फरशी आली, फरशी बुडाली, तिच्यावर कोबा, अन् त्यावर दादाच्या लग्नात बसवलेल्या लाल-पांढऱ्या टाईल. त्यानं स्वतः बसवल्या होत्या, दिवसा लोकांची कामं करून संध्याकाळी एकेक रांग. नवी नवरी येणार म्हणून. हत्ती वरती नव्हताच. तो त्या टाईलखाली होता, मुरमात अख्खा पुरलेला.

दादा उकिडवा बसून त्या टाईलवरून हात फिरवायला लागला. एकही टाईल फुटलेली नव्हती, कोपऱ्यातली सुद्धा नाही. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं असणार.

मी म्हटलं, राहू दे. खरंच म्हटलं. मला धानोऱ्यात खोली आहे, नोकरी आहे, मी परकोटाच्या आठवणी काढत बसू शकते. यांना राहायचं आहे. टाईल उखडायची म्हणजे घर आपल्या हातानं उखडणं, हे मला समजत होतं. दादानं माझ्याकडे नाही, वहिनीकडे पाहिलं.

वहिनी म्हणाली, "पाहून काय राह्यले? तुमी बसवल्या, तुमीच काढा. दुसऱ्याच्या हातानं नोका काढू देऊ."

त्यानं छिन्नी लावली. पहिली टाईल अख्खी निघावी म्हणून त्यानं किती हळू ठोकलं! निघाली अख्खी. वहिनीनं ती पदरानं पुसून बाजूला ठेवली. दुसरी फुटली. मग तो थांबला नाही. कोबा निघाला, फरशी निघाली, ओला मुरूम निघाला, अन् शेवटी काळी, दडपलेली शेणमाती, तिला अजून वास होता. मी हातानं माती बाजूला करत होते. चुन्याचा गोळा लागला, दगडासारखा घट्ट. दादानं छिन्नी ठेवली अन् चमच्यानं टोकरायला लागला. आधी पाठ आली. मग पंजा. मग सोंड, वळलेली, तिच्या खोबणीत चुना भरलेला. चिंचोके नव्हते.

"मांजर नोहे," दादा म्हणाला. "सिंहच आहे, पाह्य." अन् तो रडला. मी त्याला बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

मोजणीवाला दुसऱ्या दिवशी आला, आम्ही बोलावल्यावरून. चपला त्यानं याही वेळी बाहेर काढल्या. उखडलेल्या जमिनीत वाकून त्यानं हत्ती पाहिला, फोटो काढले, टेप लावली. शेजारची माणसं दारात जमली होती, एकमेकांच्या खांद्यावरून हत्ती बघत होती. पलीकडच्या घरातली म्हातारी म्हणाली की आमच्या घरीपण पाहा, घोडा असला पाह्यजे. मोजणीवाल्यानं कागद काढला अन् दादाला म्हणाला, भाऊ, मागच्या वेळी तुमच्या घरच्यांनीच सांगितलं होतं, भिंत आमची आहे. आता काय लिहू? नीट विचार करून सांगा, मग मला बदलता येणार नाही. माणूस वाईट नसावा. तरी मी त्याच्या पेनावरची नजर हलवली नाही.

दादा त्या खड्ड्यात उभा होता, बाबांच्या वेळच्या जमिनीवर. तिथून तो नेहमीपेक्षा बुटका दिसत होता. वळला तेव्हा त्याची पाठ पांढरी होती, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"भिंत आमची नाई, साहेब," तो म्हणाला. "राजाची आहे. आमी टेकून होतो."

मोजणीवाल्यानं लिहिलं. मी त्याला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, पोच मागितली, तारीख तपासली. मग कागद घडी करून सागाच्या खुंटीला अडकवला, तसबिरीखाली. वहिनी पहिली अख्खी निघालेली टाईल गोणपाटात गुंडाळत होती.